सांगाडा पक्का, मांडणी मोकळी

सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत बांधताना ती किमान साठ-सत्तर वर्षे उभी राहील असे गृहीत धरले जाते; परंतु त्या इमारतीत चालणारे काम इतका दीर्घ काळ एकाच स्वरूपात चालू राहिल्याचे उदाहरण क्वचितच आढळते. रत्नागिरीचे १८२८ मधील, नाशिकचे १८४० मधील, पुण्याचे १८४८ मधील आणि कोल्हापूरचे १८५० मधील वाचनालय ही महाराष्ट्रातील जुन्या वाचनालयांपैकी ठळक नावे होत, आणि अशा संस्थांकडे आरंभीच्या काळात येणारा वर्ग हा प्रामुख्याने अधिकारी, वकील, शिक्षक अशा मोजक्या सुशिक्षित पुरुषांचा होता. पुढे मराठी वृत्तपत्रे वाढली तसा मुक्तद्वार विभाग, म्हणजे वर्गणी न भरता कोणीही येऊन वर्तमानपत्र वाचावे असा विभाग, वाचनालयाचा दर्शनी भाग बनला. कादंबऱ्या घरी नेणारा वाचक वाढला तशी देवघेवीची खिडकी महत्त्वाची झाली. मागोमाग महिला विभाग आणि बालविभाग आले. आणि गेल्या दोन-तीन दशकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांसाठीची अभ्यासिका ही अनेक शहरी वाचनालयांची सर्वाधिक मागणी असलेली सेवा होऊन बसली. यांपैकी प्रत्येक टप्प्यावर जुन्या भिंतींना नव्या कामाशी जुळवून घ्यावे लागले. काही इमारतींना ते साधले, काहींमध्ये भिंती फोडाव्या लागल्या आणि काही ठिकाणी इमारतीला जमत नाही म्हणून सेवाच बंद पडली.

या अनुभवातून वास्तुरचनेच्या अभ्यासात जी कल्पना पुढे आली तिला परिवर्तनक्षमता असे म्हणता येईल. तिच्यात दोन गोष्टी अंतर्भूत आहेत. एक म्हणजे विस्तारक्षमता, अर्थात इमारत पुढे वाढवता येण्याची सोय. आणि दुसरी म्हणजे अंतर्गत लवचीकता, अर्थात इमारतीचा आकार तोच राहूनही आतील कामांची अदलाबदल कमी खर्चात आणि कमी मोडतोडीत करता येण्याची सोय. ब्रिटिश वास्तुविशारद हॅरी फॉकनर-ब्राउन यांनी ग्रंथालयाच्या इमारतीत कोणते दहा गुण असावेत याची जी यादी केली आणि जी ग्रंथालयशास्त्राच्या वर्गांतून आजही शिकवली जाते, तिच्यात लवचीकतेला पहिले स्थान आहे आणि विस्तारक्षमतेचा उल्लेख स्वतंत्रपणे केलेला आहे. त्यांच्याही आधी, १९३१ साली, डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धान्त मांडले त्यांतील पाचवा सिद्धान्त ग्रंथालय ही वाढणारी जिवंत संस्था आहे असे सांगतो. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक होते आणि १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. वाढ ही ग्रंथालयाची अपवादात्मक नव्हे तर नित्याची अवस्था आहे, असे मानूनच जागेचा, फर्निचरचा आणि सूचीचा विचार केला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

इमारत या सिद्धान्ताच्या विरुद्ध वागू लागली म्हणजे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यू यॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या मुख्य इमारतीचे आहे. मे १९११ मध्ये खुल्या झालेल्या या इमारतीत सर्वांत वर सुमारे ९० मीटर लांबीचे भव्य वाचनदालन आहे आणि त्याच्या खाली पोलादी मांडण्यांचे सात थर आहेत. या मांडण्या केवळ पुस्तके ठेवण्यासाठी नव्हत्या. वरच्या वाचनदालनाचा भार पेलणारे खांब म्हणूनही त्या उभ्या केल्या होत्या. वाचकाने वर बसून पुस्तकाची मागणी करावी, ती चिठ्ठी खाली जावी आणि पुस्तक यंत्राच्या साहाय्याने वर यावे, अशी ही व्यवस्था होती, आणि त्या काळाच्या गरजेला ती इतकी नेमकी बसणारी होती की तिच्या रचनाकारांचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु ज्या क्षणी मांडणी हाच इमारतीचा खांब झाला, त्या क्षणी पुस्तकांची जागा कायमची ठरून गेली. एकविसाव्या शतकात संस्थेने या मांडण्या काढून तेथे घरी पुस्तके देणारा विभाग करण्याची योजना आखली आणि नॉर्मन फॉस्टर यांच्याकडे त्याचे आराखडे सोपवले, तेव्हा वाचनदालन अधांतरी न ठेवता त्याच्याखालचे आधार काढायचे कसे, हा प्रश्न खर्चाच्या दृष्टीने प्रचंड ठरला. अभ्यासकांनी पुस्तके दूर हलवण्याला केलेला विरोधही तीव्र होता, आणि मे २०१४ मध्ये ती योजना सोडून देण्यात आली.

बडोदे संस्थानाच्या इतिहासात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारण्याचे काम सुरू केले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या पुढे उभ्या राहिलेल्या इमारतीत धातूच्या मांडण्या असून मधल्या तक्तपोशी जाड काचेच्या आहेत, म्हणजे वरचा उजेड झिरपत खालच्या थरापर्यंत पोहोचतो आणि आगीचे भयही कमी होते. ही रचना देखणी आणि बुद्धिमान आहे, परंतु पुस्तकांच्या साठ्याखेरीज तेथे दुसरे काही करता येण्याजोगे नाही. त्याच संस्थानात लाकडी पेट्यांमध्ये पुस्तके भरून ती गावोगावी फिरवणारी ग्रंथालयेही चालत असत. एका गावाने पेटी वाचून संपवली की ती पुढच्या गावी जात असे आणि गावाच्या आवडीप्रमाणे पेटीतील ग्रंथ बदलता येत असत. ग्रंथालयाच्या परिवर्तनक्षमतेचा विचार करताना काचेच्या तक्तपोशीइतकेच त्या पेट्यांकडेही लक्ष जायला हवे, कारण स्थिर वास्तूला जे जमत नाही ते हलत्या सामानाने साधता येते, हे तत्त्व त्यांत शंभर वर्षांपूर्वीच प्रत्यक्षात आलेले आहे.

पोलादी मांडण्यांच्या युगातून बाहेर पडण्याचा मार्ग ज्या व्यक्तीने दाखवला ती त्याच व्यवसायातील होती, ही या इतिहासातील विशेष नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. न्यू यॉर्कमधील मांडण्या पुरवणाऱ्या स्नीड कंपनीचे प्रमुख अँगस स्नीड मॅकडॉनल्ड यांनी १९३० च्या दशकात भार पेलणाऱ्या मांडण्यांऐवजी समान अंतरावरील खांबांच्या इमारतीचा पुरस्कार सुरू केला. खांबांच्या दोन ओळींमधील अंतर, ज्याला बांधकामाच्या भाषेत गाळा म्हणतात, ते सर्वत्र सारखे ठेवावे, आतील भिंतींवर छताचा भार टाकू नये आणि प्रत्येक मजल्याची प्रत्येक फरशी पुस्तकांचे ओझे घेऊ शकेल इतकी मजबूत करावी, म्हणजे आज जेथे कपाटे आहेत तेथे उद्या मेजे आणि परवा बालविभाग मांडता येईल, असा त्यांचा विचार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी विद्यापीठांनी अशी ग्रंथालये मोठ्या संख्येने बांधली. त्यांचे दोषही लवकरच दिसले. सर्वत्र सारखे छत, सारखा उजेड आणि खिडक्यांपासून खूप दूर गेलेला मधला भाग यांमुळे ती दालने गोदामासारखी भासू लागली, आणि दिवसाही विजेचे दिवे व वातानुकूलन यांवाचून त्यांचे चालेना. उष्ण हवेच्या आणि वीजबिल भरताना दमछाक होणाऱ्या संस्थांच्या प्रदेशात हा दोष अधिक गंभीर मानला पाहिजे. येथे लवचीक इमारत म्हणजे खोल, बंद आणि यंत्रावर जगणारी इमारत असा अर्थ घेऊन चालणार नाही.

तथापि मॅकडॉनल्ड यांच्या विचारातील एक गोष्ट आजही तितकीच खरी आहे, आणि ती म्हणजे ओझ्याची. इमारतींवरील भारासंबंधीच्या भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोंचा वापरभार पेलू शकेल अशी धरली जाते. वाचनकक्षासाठी हीच अपेक्षा ३०० ते ४०० किलोंची आहे. आणि पुस्तकांच्या रॅकसाठी, रॅकची उंची २.२ मीटरपर्यंत असेल तर, सुमारे ६०० किलोंची, व त्यापुढील प्रत्येक मीटर उंचीला आणखी सुमारे २०० किलोंची आहे. रुळांवर सरकणारी आणि एकमेकांस चिकटून बसणारी कपाटे घेतली तर हा भार याहूनही वाढतो. याचा व्यवहारातील अर्थ असा की पुस्तकांसाठी बांधलेल्या स्लॅबवर वाचक केव्हाही बसवता येतात, परंतु वाचकांसाठी बांधलेल्या स्लॅबवर पुस्तके चढवता येतीलच असे नाही. एखाद्या संस्थेला कार्यालय, सभागृह किंवा जुना वाडा देणगी मिळतो आणि वरच्या मजल्यावर रॅक मांडण्याचे ठरते, तेव्हा स्थापत्य अभियंत्याकडून हा एक आकडा तपासून घेणे ही पहिली पायरी असली पाहिजे.

कोकण आणि कृष्णाकाठ येथे हा प्रश्न आणखी बिकट होतो. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षांच्या जुलै महिन्यातील पुरांचा तडाखा बसला आणि ग्रंथांची मोठी हानी झाली. पूर येणाऱ्या गावात पुस्तके वर हवीत, असे पाणी सांगते. तर जड वस्तू खाली हव्यात, असे बांधकामाचा हिशोब सांगतो. या दोहोंचा मेळ नंतर घालता येत नाही. तो पाया खोदण्याआधीच घालावा लागतो, म्हणजे वरचा मजला सुरुवातीपासूनच ग्रंथसाठ्याच्या भारासाठी आखावा लागतो आणि तळमजल्यावर वृत्तपत्रे, सभा, मुलांचे खेळ-वाचन अशी कामे ठेवावी लागतात, ज्यांचे सामान एका रात्रीत उचलता येते. बदलत्या पावसाच्या काळात परिवर्तनक्षमतेचा हा अर्थ महाराष्ट्राने विशेष मनावर घ्यायला हवा.

कोणत्या गोष्टी आधीच पक्क्या ठरवाव्यात आणि कोणत्या मोकळ्या सोडाव्यात, याचा उलगडा करण्यासाठी स्टुअर्ट ब्रँड या अमेरिकी लेखकाने १९९४ मधील आपल्या पुस्तकात वापरलेली थरांची कल्पना फार उपयोगी पडते. तिचे मूळ फ्रँक डफी या ब्रिटिश वास्तुविशारदाच्या विचारात आहे. तिच्यानुसार इमारत ही एक वस्तू नसून वेगवेगळ्या वेगाने जुन्या होणाऱ्या थरांची रास आहे. जमिनीचा तुकडा जवळजवळ कायमचा असतो. पाया, खांब आणि तुळया यांचा सांगाडा अनेक पिढ्या टिकतो. बाहेरचे आवरण वीसेक वर्षांत बदलण्याजोगे होते. वीज, पाणी आणि संपर्काच्या तारा यांचे आयुष्य सात ते पंधरा वर्षांचे असते. आतील आडभिंतींची मांडणी त्याहूनही लवकर बदलू शकते. आणि मेज-खुर्च्या तर रोज हलतात. इमारतीत बिघाड होतो तो हे थर एकमेकांत अडकले म्हणजे. भिंतीच्या आत गाडलेली वायर बदलण्यासाठी भिंत फोडावी लागते, सिमेंटच्या ओट्यासारखी बांधलेली मेजे काढण्यासाठी फरशी उखडावी लागते, आणि न्यू यॉर्कप्रमाणे कपाट हाच खांब असेल तर मांडणीत बदल करणे हा इमारतीवरील शस्त्रक्रियेचा विषय होतो. म्हणून चांगल्या रचनेत लवकर बदलणारा थर सावकाश बदलणाऱ्या थरापासून सुटा ठेवलेला असतो.

नेदरलँड्समधील टिलबुर्ख शहराचे ‘लोकहाल’ हे ग्रंथालय या तत्त्वाचे मोठे उदाहरण आहे. १९३२ मध्ये बांधलेली रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीची ही शेड जानेवारी २०१९ मध्ये ग्रंथालय म्हणून खुली झाली आणि त्याच वर्षी जागतिक वास्तुकला महोत्सवात तिला वर्षातील सर्वोत्तम इमारतीचा मान मिळाला. सुमारे १५ मीटर उंचीचे पोलादी खांब, छताची काच आणि जमिनीतील रूळ रचनाकारांनी जसेच्या तसे ठेवले. आतील जागा विभागण्यासाठी भिंतींऐवजी छतापासून लोंबणारे अवाढव्य कापडी पडदे लावले, जे रुळांवरून सरकवून एखादी चर्चा, वर्ग किंवा मैफल चालू असताना तेवढाच कोपरा झाकता येतो आणि काम संपले की पुन्हा मोकळा करता येतो. टिलबुर्ख हे वस्त्रोद्योगाचे जुने केंद्र असल्यामुळे त्या पडद्यांच्या निर्मितीत स्थानिक वस्त्र-प्रयोगशाळेचा वाटा होता. जुन्या रुळांवर चाके लावलेली मोठी मेजे बसवली आहेत आणि ती ढकलत नेऊन कधी वाचनासाठी, कधी प्रदर्शनासाठी वापरली जातात. संपूर्ण अवकाश तापवण्याऐवजी माणसे जेथे बसतात तेवढाच भाग उबदार ठेवण्याची योजनाही तेथे आहे. ज्या गावात बंद गिरणी, जुना गोदाम-भाग किंवा वापरात नसलेली शासकीय शेड आहे त्या गावासाठी या इमारतीचे महत्त्व तिच्या भव्यतेत नाही. सांगाडा दणकट आणि उंच असेल तर आतला वापर अल्प साधनांनी पालटता येतो, हे तिने दाखवून दिले यात ते आहे.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथील ‘ओडी’ हे मध्यवर्ती ग्रंथालय नवी इमारत बांधून हेच साधते. ५ डिसेंबर २०१८ रोजी, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी खुल्या झालेल्या या १७,२५० चौरस मीटरच्या वास्तूत तळमजल्याला मधे खांब नाहीत, कारण शंभर मीटरहून लांब अशा दोन पोलादी कमानींवर वरचा सारा भार तोललेला आहे. खालचे दालन समोरच्या चौकाला जोडलेले आहे आणि तेथे सभा, प्रदर्शने, चित्रपट असे काहीही भरवता येते. मधल्या मजल्यावर कमानींच्या पोलादामधील बेचक्यांत लहान खोल्या, ध्वनिमुद्रण कक्ष, शिवणयंत्रे आणि त्रिमितीय छपाईची यंत्रे आहेत. आणि सर्वांत वर उजेडाने भरलेले पुस्तकांचे दालन आहे. एवढ्या मोठ्या इमारतीत पुस्तके मात्र सुमारे एक लाखच आहेत, कारण शहराच्या अन्य शाखांतील संग्रह मागणीनुसार तेथे येतो. ज्या शहरात शाखांचे जाळे मजबूत आहे तेथेच मुख्य इमारत इतकी मोकळी ठेवता येते, ही गोष्ट ओडीची छायाचित्रे पाहताना सुटून जाते. संग्रह, वाहतूक आणि सूची यांची सामायिक व्यवस्था नसलेल्या प्रदेशात केवळ पुस्तके कमी करून जागा मोकळी केली तर ते ग्रंथालय न राहता नुसते सभागृह होईल.

सर्व काही हलते ठेवावे या मताला अमेरिकेतील सिएटलच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने विचारपूर्वक विरोध केला, आणि तो विरोध दुर्लक्षिण्याजोगा नाही. रेम कूलहास यांच्या संस्थेने स्थानिक वास्तुविशारदांच्या सहकार्याने रचलेली आणि २००४ मध्ये खुली झालेली ही इमारत असे गृहीत धरते की सर्वत्र सारख्या मोकळ्या मजल्यावर जे काम सर्वांत वेगाने वाढते ते बाकीच्यांची जागा गिळून टाकते; पुस्तके वाढली की रॅक वाढतात आणि वाचकाची खुर्ची मागे सरकत जाते. म्हणून तेथे प्रत्येक कामाला स्वतःचा ठरलेला विभाग दिला आहे आणि लवचीकता त्या विभागाच्या आत ठेवली आहे. ललितेतर ग्रंथ चार मजल्यांभोवती सलग उतारावर सर्पिल मांडणीत लावले असून दशांश वर्गीकरणाचे, म्हणजे ज्ञानाची दहा वर्गांत आणि त्यांच्या पोटवर्गांत अंकांनी विभागणी करणाऱ्या पद्धतीचे, क्रमांक जमिनीवर लिहिले आहेत. त्यामुळे एखाद्या विषयाचे ग्रंथ वाढले तर पुढचे ग्रंथ त्याच रांगेत थोडे पुढे सरकतात. एक विषय दोन मजल्यांवर तुटत नाही.

सिएटलचा हा इशारा महाराष्ट्रातील अभ्यासिकांच्या संदर्भात नेमका लागू पडतो. अभ्यासिकेची गरज खरी आहे आणि ती सामाजिक न्यायाचीही आहे. दोन खोल्यांच्या घरात पाच-सहा माणसांसोबत राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शांतपणे बसण्याची जागा, दिवा, पंखा आणि पिण्याचे पाणी अल्प शुल्कात मिळणे ही ग्रंथालयाने समाजाला दिलेली मोठी देणगी आहे. परंतु याच गरजेच्या रेट्याखाली अनेक वाचनालयांत बालविभाग कोपऱ्यात गेला, वृत्तपत्रे वाचणारे ज्येष्ठ नागरिक व्हरांड्यात आले आणि सायंकाळच्या व्याख्यानाचा आवाज अभ्यासाला त्रासदायक ठरतो म्हणून व्याख्यानेच बंद झाली. येथे दोष अभ्यासिकेचा नाही. आवाज करणारी आणि शांतता मागणारी कामे एकाच दारामागे कोंबण्याचा तो दोष आहे.

यावरचा उपाय बहुतांशी साधा आहे आणि तो नकाशावरच सुचला पाहिजे. अभ्यासिका पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत चालते, तर देवघेव विभाग ठरावीक तास चालतो. म्हणून अभ्यासिकेला स्वतंत्र प्रवेश, स्वतंत्र जिना आणि स्वतंत्र कुलूप असावे, म्हणजे उरलेली इमारत बंद ठेवून ती चालवता येते आणि एका कर्मचाऱ्यावर काम भागते. मुलींना रात्री उशिरापर्यंत बसता यावे यासाठी तिचा दरवाजा रस्त्यावरून दिसणारा, उजेडाचा असावा आणि शौचालय त्याच मजल्यावर असावे. ही सोय नसेल तर अभ्यासिका कागदोपत्री सर्वांची असूनही प्रत्यक्षात मुलांचीच होते. बालविभाग आणि सभेची जागा तळमजल्यावर शेजारी-शेजारी ठेवून मधे घडीची दारे बसवली तर सकाळी वृत्तपत्रे, दुपारी शाळेतील मुले आणि सायंकाळी व्याख्यानमाला असा एकाच जागेचा तीन वेळा उपयोग होऊ शकतो. अभ्यासिकेतील मेजे भिंतीत जखडून, प्लायवूडचे कायमचे कप्पे करून बांधण्यापेक्षा सुटी मेजे आणि त्यांवर बसवता-काढता येणारे पडदे ठेवणे शहाणपणाचे, कारण आज परीक्षार्थींनी भरलेले दालन पंधरा वर्षांनी ज्येष्ठांच्या वाचनासाठी किंवा घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी लागू शकते. विजेचे पॉइंट भिंतीच्या चार कोपऱ्यांत न देता प्रत्येक गाळ्यात, आणि तारा भिंतीत न गाडता उघडता येणाऱ्या नळीतून नेल्या, तर पुढच्या प्रत्येक बदलाचा खर्च वाचतो. चाकाच्या खुर्चीसाठी दर एक मीटर चढाला किमान बारा मीटर लांबीचा उतार लागतो, आणि तो नंतर जोडायला जागा उरत नाही. म्हणून ही गोष्ट लवचीक नव्हे तर पक्क्या थरात मोडते.

एकाच संस्थेने अनेक कामे सांभाळण्याची परंपरा मराठी वाचनालयांना अपरिचित नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, ज्याला शहरात ‘सावाना’ म्हणून ओळखतात, ते ग्रंथालयाबरोबरच परशुराम साईखेडकर नाट्यगृह आणि वस्तुसंग्रहालय चालवते. महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील भिलार हे ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून विकसित झाले, आणि तेथे तर आरंभी पंचवीस ठिकाणी, गावकऱ्यांच्या घरांत आणि अन्य जागांत, विषयवार पुस्तके ठेवून इमारतीशिवायच ग्रंथालय उभे राहिले. एखाद्या घराची अडचण झाली तर कपाट शेजारी हलवता येते, इतकी ती रचना हलकी आहे. अर्थात अशा रचनेत देखभाल कोणी करायची आणि पावसाळ्यात पुस्तकांची दमटपणापासून काळजी कोणी घ्यायची हा भार इमारतीवरून माणसांवर येतो.

महाराष्ट्रातील बांधकामाच्या रूढीतही विस्तारक्षमतेची एक ओळखीची खूण आहे. निधी हप्त्याहप्त्याने मिळत असल्यामुळे संस्था आज एक मजला बांधतात आणि पुढच्या मजल्यासाठी गच्चीवर कॉलमच्या सळया सोडून ठेवतात. पुढचा निधी येईपर्यंत दहा-पंधरा पावसाळे त्या सळया उघड्यावर गंजतात, आणि पाया मुळात एकाच मजल्याचा असेल तर त्या निरुपयोगीही ठरतात. या सळयांना सिमेंटच्या गिलाव्याचे आवरण देणे, पायाचा हिशोब अपेक्षित सर्व मजल्यांसाठी करणे आणि तो नकाशा संस्थेच्या दप्तरात जपून ठेवणे या तीन गोष्टींना फारसा खर्च येत नाही. नवे कार्यकारी मंडळ आल्यावर जुना नकाशाच न सापडणे ही मात्र सर्वत्र आढळणारी अडचण आहे.

इमारतीइतकाच ताठरपणा नियमांतही असू शकतो. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १ मे १९६८ पासून अमलात आला. मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला होता, तसा उपकर महाराष्ट्राच्या कायद्यात नाही; येथे स्वयंसेवी संस्थांनी चालवलेल्या ग्रंथालयांना शासन मान्यता देते आणि अ, ब, क, ड या वर्गांप्रमाणे अनुदान देते. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद अशा मोजता येणाऱ्या गोष्टींना वजन असते. मोजदादीची गरज समजण्याजोगी आहे, पण तिचा एक परिणाम जागेवर होतो. संख्या राखण्याच्या चिंतेमुळे पाने सुटलेली, कालबाह्य झालेली, वर्षानुवर्षे कोणी न मागितलेली पुस्तके रॅकवर राहतात, आणि निर्लेखन, म्हणजे निरुपयोगी ग्रंथ विहित पद्धतीने दाखल नोंदवहीतून कमी करण्याचे काम, मागे पडत जाते. अभ्यासिकेत किती जण बसतात, बालविभागात किती मुले येतात, सभागृह वर्षातून किती दिवस वापरले जाते या गोष्टींनाही वर्गवारीत ग्रंथसंख्येच्या तोडीचे वजन मिळाले, तर अनेक संस्थांना नवे बांधकाम करण्याआधीच जागा सापडेल.

या ठिकाणी रंगनाथन यांच्या पाचव्या सिद्धान्ताचा कमी सांगितला जाणारा भाग आठवतो. वाढ दोन प्रकारची असते, असे त्यांनी स्पष्ट केले होते. बालकाची वाढ म्हणजे आकार वाढत जाणे. प्रौढाची वाढ म्हणजे आकार तोच राहून आतील पेशी झिजत, नव्या येत राहणे. सर्व ग्रंथ जतन करण्याची जबाबदारी असलेली मोठी संग्रहालये पहिल्या प्रकारची आहेत, तर गावातील सेवा देणारे वाचनालय एका मर्यादेनंतर दुसऱ्या प्रकारचे व्हायला हवे. मात्र निर्लेखन करताना स्थानिक इतिहास, जुनी नियतकालिके आणि दुर्मीळ मराठी पुस्तके आधी बाजूला काढून सुरक्षित ठेवली पाहिजेत, कारण एकोणिसाव्या शतकातील कित्येक मराठी ग्रंथांची उरलेली प्रत अशाच एखाद्या जिल्हा वाचनालयाच्या कपाटात असू शकते, आणि ते काम जाणकार ग्रंथपालावाचून होणारे नाही. समोरासमोर उभ्या असलेल्या रॅकच्या दोन रांगा आणि त्यांमधली वाट मोकळी झाली तर सहा-आठ मुलांना गोल करून बसवण्याइतकी जागा निघते, आणि तिच्यासाठी एक वीटही रचावी लागत नाही.